कारखान्याची आकृती वाचताना

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना थोडे आश्चर्य वाटले असेल. कारखान्यातील प्रक्रियेच्या आकृत्या कशा वाचाव्यात, हा विषय अभियंत्यांचा. सरपंच, शिक्षक किंवा गटविकास अधिकारी यांचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. माहिती अधिकारी म्हणून काम करताना निरनिराळ्या प्रकल्पांचे अहवाल हाताखालून जातात आणि प्रत्येक अहवालाला अशी एक तरी आकृती जोडलेली असते. बहुतेक वाचक ते पान उलटून पुढे जातात. परंतु पुष्कळदा अहवालातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याच पानावर असते. ज्याला सातबारा वाचता येतो, गावनकाशा समजतो, त्याला ही आकृतीही थोड्या सवयीने समजू शकते, हे मला आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

आकृती म्हणजे नकाशा नव्हे

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. गावनकाशात अंतराला प्रमाण असते. कागदावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर किती, हे त्यात ठरलेले असते. प्रक्रियेच्या आकृतीत असे प्रमाण नसते. दोन टाक्या कागदावर शेजारी दिसल्या, तरी प्रत्यक्षात त्यांच्यात दोनशे मीटरचे अंतर असू शकते. एखादी नळवाहिनी सरळ रेषेने दाखविली असली, तरी ती जागेवर चार वळणे घेऊन गेलेली असू शकते. ही आकृती फक्त एवढेच सांगते, की काय कोठून निघते, कशातून जाते, वाटेत त्याला कोण अडविते आणि ते शेवटी कोठे पोहोचते.

अशा आकृत्यांचे सामान्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार चौकोनांचा. प्रत्येक चौकोन म्हणजे प्रक्रियेचा एक टप्पा आणि त्यांना जोडणारे बाण म्हणजे मालाची वाट. दुसऱ्या प्रकारात मुख्य यंत्रे, टाक्या व त्यांच्यामधून वाहणारे पदार्थ यांची परिमाणे, तपमान व दाब दाखविलेले असतात. तिसरा प्रकार सर्वांत तपशिलाचा असतो. त्यात प्रत्येक नळ, प्रत्येक झडप, प्रत्येक मापक यंत्र आपापल्या क्रमांकासह दाखविलेले असते. कारखाना चालविणारे व दुरुस्त करणारे लोक याच तिसऱ्या आकृतीवर विसंबून असतात.

साखर कारखान्याचे उदाहरण

पहिल्या प्रकाराचे उदाहरण आपल्या परिचयाचेच घेऊ. प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याने सन १९५० च्या सुमारास मुहूर्तमेढ रोवली, तेव्हापासून महाराष्ट्रातील ग्रामीण जीवनात साखर कारखाना ही नित्याची गोष्ट झाली आहे. त्याची आकृती काढावयाची झाल्यास चौकोन असे पडतील : उसाचे गाळप, रसाला चुना व गंधकाचा धूर देऊन तो निवळणे, रस आटविणे, पाक शिजवून दाणे पाडणे आणि शेवटी फिरत्या यंत्रात साखर व मळी वेगळी करणे.

आता या चौकोनांना बाण जोडू. शंभर टन ऊस आत गेला, तर ढोबळ मानाने तीस टनांच्या आसपास बगॅस बाहेर पडतो व तो बहुतांशी बॉयलरमध्ये जळतो. दहा-अकरा टन साखर, चार-पाच टन मळी आणि तीन-चार टन प्रेसमड निघतो. ही बेरीज पन्नासच्या आतबाहेर येते. मग उरलेले निम्मे वजन गेले कोठे? उसात मुळातच सत्तर टक्क्यांच्या सुमारास पाणी असते. त्यातील काही बगॅसबरोबर जाते, बरेचसे रस आटविताना वाफ होऊन निघते. गाळपाच्या वेळी चोयट्यांवर शिंपडलेले पाणी पुन्हा वेगळेच. म्हणजे साखर कारखान्याच्या आकृतीत साखरेच्या बाणापेक्षा पाण्याचा बाण कितीतरी जाड काढावा लागेल. या पाण्याचा बाण कागदावर कोठे जाऊन थांबतो, पुन्हा वापरात येतो, शुद्धीकरणाकडे वळतो की नाल्याकडे, हे पाहणे ज्या गावाच्या ओढ्याकाठी कारखाना उभा आहे त्या गावाच्या सदस्यांचे काम होय.

वाचनाचा पहिला नियम यातून हाती येतो. जे आत गेले ते कोठून तरी बाहेर आलेच पाहिजे. ज्या चौकोनात आत येणारे बाण आहेत आणि बाहेर जाणाऱ्यांचा हिशेब लागत नाही, तेथे बोट ठेवून प्रश्न विचारावा. त्यासाठी रसायनशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही. बेरीज-वजाबाकी पुरेशी आहे.

चिन्हांची बाराखडी

तिसऱ्या प्रकारची आकृती प्रथमदर्शनी जाळ्यासारखी भासते. परंतु तिची बाराखडी मर्यादित आहे. अमेरिकेतील उपकरणतज्ज्ञांच्या संस्थेने ठरविलेली चिन्हे जगभर वापरात आली आणि भारतीय मानकांतही अशा चिन्हांचा समावेश आहे. तरी प्रत्येक संचाच्या पहिल्या पानावर चिन्हांची सूची असते, ती प्रथम पाहावी. कारण थोडेफार फेरफार सर्वत्र असतात.

जाड रेषा म्हणजे मुख्य पदार्थाची नळवाहिनी. तुटक रेषा म्हणजे विजेचा संकेत वाहून नेणारी तार. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, म्हणजे आडवा ठेवलेला डमरू, ही झडप. डमरूत काळा रंग भरलेला असल्यास ती झडप एरव्ही बंद ठेवावयाची आहे, असा सामान्यतः अर्थ होतो. डमरूच्या डोक्यावर छत्रीसारखा अर्धगोल असेल, तर ती झडप माणसाच्या हाताने नव्हे तर हवेच्या दाबाने आपोआप उघडते वा मिटते. एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारी झडप निराळ्या खुणेने दाखवितात. दाब मर्यादेबाहेर गेल्यास स्वतःहून उघडणाऱ्या सुरक्षा झडपेची खूण काटकोनात वळलेली असते.

मापक यंत्रांसाठी वर्तुळ असते आणि त्यात इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर काय मोजले जाते ते सांगते : पी म्हणजे दाब, टी म्हणजे तपमान, एफ म्हणजे प्रवाह, एल म्हणजे पातळी. पुढील अक्षरे यंत्र काय करते ते सांगतात : आय म्हणजे दर्शविते, सी म्हणजे नियंत्रण करते, ए म्हणजे धोक्याची सूचना देते. म्हणून टी-आय-सी असे वाचल्यास ते यंत्र तपमान दाखविते व त्याचे नियमनही करते, हे कळते. वर्तुळ मोकळे असेल तर यंत्र जागेवर बसविलेले आहे. वर्तुळाच्या मधून आडवी रेघ असेल तर ते नियंत्रण कक्षात वाचता येते. हा फरक लहान नाही. रात्रीच्या पाळीत नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला कोणता आकडा दिसतो आणि कोणता पाहण्यासाठी त्याला बाहेर जाऊन टाकीवर चढावे लागते, हे त्या एका रेघेवरून समजते.

गावची पाणीपुरवठा योजना

आता हीच विद्या आपल्या घरच्या प्रश्नाला लावून पाहू. प्रत्येक पंचायतीच्या ताब्यात एक छोटासा प्रक्रिया कारखाना असतो. तो म्हणजे गावची नळपाणी योजना. विहिरीवर पंपगृह, तेथून जलकुंभापर्यंत जाणारी ऊर्ध्ववाहिनी, जलकुंभ आणि त्यातून घरोघर जाणारी वितरण व्यवस्था. कित्येक गावांत जलसुरक्षक टीसीएल पावडर जलकुंभात टाकतो. क्लोरीनला जंतूंचा नाश करण्यास वेळ लागतो, म्हणून पाणी वापरण्यापूर्वी सुमारे अर्धा तास त्याचा संपर्क राहावा, असा संकेत आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा, अशी अपेक्षा असते.

ही योजना कागदावर काढा. विहीर, पंप, रेषा, जलकुंभ, रेषा, घरे. मग क्लोरीनचा बाण जलकुंभात आणून सोडा. आता गावात फिरून प्रत्यक्ष जोडण्या या आकृतीवर मांडा. ऊर्ध्ववाहिनी ज्या वस्तीजवळून जाते, त्या वस्तीने वाटेतच तिच्यावर जोडणी घेतलेली असेल, तर आकृतीवर एक गोष्ट तत्काळ नजरेस येईल. त्या घरांकडे जाणारी रेषा क्लोरीनच्या बाणाच्या अलीकडूनच फुटते. जलसुरक्षकाने रोज नेमाने पावडर टाकली, नोंदवहीत सही केली, जलकुंभाखालच्या नळाचा नमुना तपासणीत उत्तम निघाला, तरी त्या वस्तीला मिळणारे पाणी निर्जंतुक झालेले नसते. पावसाळ्यात अतिसाराची साथ नेमकी त्याच वस्तीत का सुरू होते, याचे उत्तर मग दैवात शोधावे लागत नाही. औषध टाकण्याची जागा बदलून ते पंपगृहाजवळ द्यावे की त्या जोडण्या वितरण वाहिनीवर घ्याव्यात, हा निर्णय ग्रामसभा समजून उमजून घेऊ शकते. मात्र औषध पंपगृहाजवळ दिल्यास वाटेवरील घरांना संपर्काचा अर्धा तास मिळतो की नाही, हाही प्रश्न तीच आकृती पुढे ठेवते.

मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी देणे, गाळ निवळणे, वाळूच्या गाळणीतून पाणी काढणे असे आणखी टप्पे असतात. गाळणी धुताना पाणी खालून वर सोडतात. त्या वेळी निवळलेले पाणी आत आणणारी व गाळलेले पाणी बाहेर नेणारी, अशा दोन्ही झडपा बंद ठेवाव्या लागतात आणि धुण्याच्या पाण्याच्या दोन झडपा उघडाव्या लागतात. धुणे संपले की हा क्रम उलट करावयाचा. आत आणणारी झडप धुण्याच्या वेळी उघडी राहिली, तर निवळलेले पाणी सरळ गटाराला लागते. काही केंद्रांत गाळणीला वळसा घालून जाणारी जोडवाहिनीही ठेवलेली असते. अशी जोडवाहिनी आकृतीवर दिसली, की तिच्या झडपेला कुलूप आहे काय आणि किल्ली कोणाकडे असते, हे दोन प्रश्न भेटीच्या वेळी अवश्य विचारावेत.

आकृती जे सांगत नाही

येथवर आकृतीची थोरवी सांगितली. आता तिच्या मर्यादा पाहू. त्या फार मोठी किंमत देऊन जगाला कळल्या आहेत.

इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे नायलॉनसाठी लागणारे कॅप्रोलॅक्टम बनविण्याचा कारखाना होता. तेथे सायक्लोहेक्झेन हा ज्वलनशील द्रव सहा मोठ्या पात्रांतून एकापाठोपाठ एक वाहत असे आणि प्रत्येक पात्र आधीच्या पात्रापेक्षा थोडे खाली बसविलेले होते. मार्च १९७४ मध्ये पाचव्या पात्राला तडा गेल्याचे आढळले. ते काढून घेऊन चौथे व सहावे पात्र एका तात्पुरत्या नळाने जोडण्यात आले. या नळाची आकृती कागदावर रीतसर काढलीच गेली नाही. कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने तिची रूपरेषा आखण्यात आली, एवढेच. १ जून १९७४ रोजी हा नळ निखळला, बाहेर पडलेल्या वाफेचा प्रचंड स्फोट झाला आणि २८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १८ जण नियंत्रण कक्षात होते. तो शनिवार होता. कामाचा दिवस असता तर मृतांची संख्या कितीतरी वाढली असती.

या घटनेत आपल्या विषयाच्या दृष्टीने एक बारकावा आहे. प्रवाहाच्या आकृतीवर हा बदल दाखविला असता, तर तो कसा दिसला असता? चौथ्या पात्रापासून सहाव्या पात्रापर्यंत एक साधी सरळ रेषा. अगदी निरुपद्रवी! प्रत्यक्षात दोन पात्रांच्या उंचीत फरक असल्याने त्या नळाला दोन ठिकाणी बाक द्यावा लागला होता. आतील दाबामुळे या बाकांवर आडवा जोर येत होता आणि तो पेलण्यासाठी पुरेसा आधार दिलेला नव्हता. उंची, वळण, वजन, आधार या गोष्टी प्रवाहाची आकृती सांगत नाही. त्यांच्यासाठी मोजमापाचे वेगळे नकाशे व हिशेब लागतात. म्हणून आकृतीत एखादी नवी रेषा दिसली, तर ‘हिचे मोजमापाचे नकाशे कोठे आहेत?’ असे विचारण्याचा वाचकाला अधिकार आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे आणि त्याचा उच्चार जड मनानेच करावा लागतो. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीतील मिथिल आयसोसायनेटमध्ये पाणी शिरले. टाकीत सुमारे ४० टन द्रव होता. आतील तपमान व दाब भराभर वाढले, सुरक्षा झडप उघडली आणि विषारी वायू शेजारच्या झोपडवस्त्यांवर पसरला. हजारो माणसे त्या रात्री व नंतरच्या काळात प्राणास मुकली. त्याहून कितीतरी अधिक जन्माची अधू झाली.

त्या टाकीची आकृती पाहणाऱ्याला वाटेल, की येथे सुरक्षिततेची कमतरता नव्हती. टाकीतील द्रव थंड ठेवण्यासाठी शीतयंत्रणा होती. बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याने धुऊन निरुपद्रवी करणारा मनोरा होता. त्यातूनही निसटलेला वायू जाळून टाकणारा ज्योतीचा मनोरा होता. पाण्याचे फवारे होते. कागदावर एकामागे एक असे हे चार पहारेकरी उभे होते. प्रत्यक्षात शीतयंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. धुण्याचा मनोरा एवढा मोठा लोंढा पेलण्याच्या स्थितीत नव्हता. ज्योतीच्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या नळाचा गंजलेला तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. फवाऱ्यांचे पाणी वायू जेथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचत नव्हते.

पाणी टाकीत कोणत्या वाटेने शिरले, यावर मतभेद राहिले. त्या संध्याकाळी काही नळ पाण्याने धुतले जात होते, धुताना पाणी पुढे जाऊ नये म्हणून घालावयाची आडवी चकती घातली नव्हती आणि वायू वाहून नेणाऱ्या दोन नळवाहिन्यांना जोडणारा एक नळ त्याच वर्षी नव्याने बसविलेला होता. त्या मार्गाने पाणी पोहोचले, असे एक मत. कोणीतरी टाकीत पाणी थेट सोडले, असे कंपनीचे म्हणणे. हा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट निर्विवाद राहते. काय काय बसविलेले आहे हे आकृती सांगते, त्यातील काय आज चालू आहे हे ती सांगू शकत नाही. ते पाहण्यासाठी आकृती हातात घेऊन जागेवरच जावे लागते.

कायद्याने दिलेले स्थान

भोपाळनंतर देशात कायद्यांची नवी मांडणी झाली. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखानदाराने त्यातील धोक्यांची व प्रतिबंधक उपायांची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि परिसरातील जनतेला द्यावी, असे बंधन घालण्यात आले. कारखाने अधिनियमाची जागा घेण्यासाठी केलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही माहिती देण्याचे हे बंधन कायम आहे. १९८९ च्या नियमांनी कारखान्याच्या आतील आपत्कालीन योजना करण्याची जबाबदारी कारखानदारावर आणि बाहेरील योजनेची जबाबदारी जिल्हा प्राधिकरणावर टाकली. १९९६ च्या नियमांनी तर जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्कालीन गट नेमले आणि स्थानिक गटात गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी यांच्याबरोबर सरपंचासारख्या लोकप्रतिनिधींनाही स्थान दिले.

म्हणजे आकृतीसमोर बसण्याची खुर्ची कायद्याने आपल्याला दिलेली आहे. त्या खुर्चीवर बसून नुसती मान डोलवावयाची, की प्रश्न विचारावयाचे, हे मात्र आपणच ठरवावयाचे आहे.

पाच प्रश्न

आकृती समोर आली असता पुढील पाच प्रश्न क्रमाने विचारावेत, अशी माझी सूचना आहे.

पहिला : ही रेषा कोठून निघते व कोठे संपते? रेषा पानाच्या काठाला जाऊन थांबत असेल, तर ती कोणत्या पानावर पुढे जाते, ते पान मागून घ्यावे.

दुसरा : या प्रवाहाला अडविणारे काय आहे? झडप एक आहे की दोन? ती हाताने चालते की आपोआप?

तिसरा : दाब वाढला तर वायू वा द्रव कोठे जाईल? सुरक्षा झडपेनंतरची रेषा शेवटपर्यंत पाहावी. ती उघड्यावर संपत असेल, तर वाऱ्याच्या दिशेला कोणती वस्ती, कोणती शाळा आहे?

चौथा : वीज गेली किंवा हवेचा दाब गेला, तर आपोआप चालणाऱ्या झडपा उघड्या राहतील की बंद? आकृतीवर झडपेशेजारी एफ-ओ अथवा एफ-सी अशी अक्षरे असतात. पहिल्याचा अर्थ उघडी राहील, दुसऱ्याचा बंद होईल. भारनियमन अनुभवलेल्या आपल्यासारख्यांना या प्रश्नाचे महत्त्व सांगावयास नको.

पाचवा : ही आकृती कोणत्या तारखेची? उजव्या कोपऱ्यातील चौकटीत सुधारणेचा क्रमांक, तारीख व सह्या असतात. बांधकामापूर्वीची आकृती आणि जसे बांधले तशी आकृती यांत अंतर पडते. तात्पुरत्या म्हणून केलेल्या जोडण्या कायमच्या होऊन बसतात. ज्या आकृतीवर अनेक वर्षांत एकही सुधारणा नोंदलेली नाही, तिच्याकडे थोड्या सावधपणे पाहावे. इतक्या काळात एकही नळ बदलला नाही, असा कारखाना सहसा नसतो.

शाळेपासून सुरुवात

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती करून मी आपली रजा घेतो. आठवी-नववीच्या मुलांना एक दिवस गावच्या पाणीयोजनेवर न्यावे. विहिरीपासून शेवटच्या नळापर्यंत त्यांना पायी चालवावे आणि परत आल्यावर प्रत्येकाकडून एका कागदावर तिची आकृती काढून घ्यावी. झडपांना क्रमांक द्यावेत, औषध टाकण्याच्या जागेवर बाण काढावा, कोपऱ्यात तारीख घालावी. त्यांतील उत्तम आकृती पंचायतीच्या कार्यालयात लावावी आणि योजनेत जेव्हा जेव्हा बदल होईल, तेव्हा तेव्हा तीवर तो बदल तारखेसह नोंदवावा. कित्येक ठिकाणी योजनेचे जमिनीखालचे नळ कोठे आहेत हे एका वृद्ध कर्मचाऱ्यालाच ठाऊक असते आणि तो निवृत्त झाला की ती माहिती त्याच्याबरोबर जाते. एका कागदाने हे टळू शकते.

ज्या मुलाने आपल्या गावच्या पाण्याची वाट कागदावर काढली आहे, तो उद्या औद्योगिक वसाहतीत कामगार झाला, अभियंता झाला वा सरपंच झाला, तरी समोर आलेल्या आकृतीला बिचकणार नाही. तो तीवर बोट ठेवून विचारील, ‘साहेब, ही रेषा पुढे कोठे जाते?’ आणि उत्तर मिळाल्यावर तेवढ्यावर न थांबता जागेवर जाऊन पाहील. आपणही आजपासून तेच करावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.